गिटारला मान हवी

परबकाका कुणाच्याही घरी गेले की आधी लाकडाशी बोलतात, मग माणसाशी. दाराला टिचकी, मग कान. टेबलाला टिचकी, मग कान. माझा धाकटा भाऊ समीर गेला तेव्हा ते भेटायला आले आणि त्याच्या फोटोखालच्या चौरंगाला टिचकी मारून म्हणाले, "आंबो. आत भुंगो आसा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तासभर बसले.

नाहूरच्या आमच्या इमारतीत ते समोरच राहतात. मूळचे वेंगुर्ल्याचे, आयुष्य फर्निचरच्या कारखान्यात गेलं, काकू गेल्यापासून एकटेच.

समीरची गिटार माळ्यावर ठेवताना माझ्याच हातून पडली. मान मोडली. दुकानदार म्हणाला, मेपलची लागेल, परदेशी, त्यापेक्षा टाकून द्या. ते मला जमेना. काका म्हणाले, "मास्तरानू, हयली झाडां काय मेली?" मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, म्हणून मास्तर.

त्यानंतर इमारतीत एकही लाकूड सुखाने राहिलं नाही. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून भांडण रंगलेलं असताना काका अध्यक्षांच्या टेबलाखाली शिरले. "ह्यां लाकूड न्हय, भुसो आसा," असा आवाज खालून आला. तिसऱ्या मजल्यावरचे जोशी कुबडी टेकून उभे होते, तर काकांनी कुबडीलाच कान लावला.

"परब, ओढू नका हां," जोशी म्हणाले.

"पाय बरो झालो काय सांगा."

शिसवीची मान त्यांनी बनवलीसुद्धा. गिटार मी खांद्याला अडकवली, तर तिचं डोकं सरळ जमिनीकडे गेलं. "गायीसारखी चरूक निघाली," काका म्हणाले आणि काढून घेतली. सागवान तेलकट निघालं, डिंक धरेना. आंब्याची फळी तारांचा ताण सोसेल का ते बघायला त्यांनी पॅसेजमध्ये दोन खुर्च्यांवर आडवी ठेवून तिला पाण्याची बादली टांगली. आठ दिवसांत तिचं धनुष्य झालं. सेक्रेटरीबाई संतापल्या, "परब, माणसांनी जायचं कुठून?"

"वाकान."

शेवटी मीच म्हटलं, "राहू द्या काका. मोडली ती मोडली." त्यांनी घरी जाऊन दार लावून घेतलं. आठवडाभर आतून फक्त रंध्याचा आवाज येत होता.

रविवारी सकाळी ते गिटार घेऊन आले. मान हळदीसारखी पिवळी, सरळ. पाचव्या पट्टीजवळ मागच्या बाजूला एक बोटभर खाच बुजवलेली.

"फणस," ते म्हणाले. "तीस वर्सां खोबऱ्याचा तेल प्यालेलो. वरचो थर रंधून काढलंय. आत सुको खडखडीत."

असला फणस मी एकदाच पाहिला होता. त्यांच्या स्वयंपाकघरात, काकूंचा दीड हात लांब आडाळो. आडाळो म्हणजे विळी. काकू तिच्यावर बसून नारळ खवायच्या. बुजवलेली खाच तिच्या पात्याची होती.

"काका, आता खोबरं कशावर खवणार?"

"एकट्यासाठी कोण नारळ फोडता, मास्तरानू?"

मला गिटार येत नाही. एक तार छेडली, ती बराच वेळ वाजत राहिली. काकांनी मानेला टिचकी मारली, वाकून कान लावला, आणि माझा चहा गार होईपर्यंत काढलाच नाही.