फूटपट्टीची खुर्ची

कचेरीत कारकून सहा आणि नवी खुर्ची आली एकच, तेव्हाच शिपाई म्हणाला होता, "आता बघा मजा."

मऊ गादीची, पाठीला टेकू देणारी ती खुर्ची पाहिली आणि सर्वांत थोरल्या कारकुनाच्या कमरेतून कळ निघाली. ती त्याने गिळली. हा माणूस कधी वाकत नसे, म्हणून सारी कचेरी त्याला मागे फूटपट्टी म्हणे. वाकलं की कंबर धरते, हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. मुलीच्या शिक्षणाचं एक वर्ष उरलं होतं आणि दुखणेकऱ्यांना साहेब घरी बसवतात हे त्याने पाहिलं होतं.

साहेब मोठे न्यायी. ते म्हणाले, "ज्याची पाठ खरोखर दुखते, त्याची खुर्ची."

दुसऱ्या दिवशी कचेरीचा दवाखाना झाला. रोखपाल कण्हत आला. टंकलेखिका भिंत धरून चालू लागली. आवक-जावकवाला तर सासऱ्यांची काठी घेऊन आला. ती कोणत्या हातात धरायची, एवढंच तो विसरत होता.

"दादा, तुमचं काय?" साहेबांनी फूटपट्टीला विचारलं.

"माझं? छे. मी ठणठणीत."

नेमकी तेव्हाच काठी साहेबांच्या पायाशी पडली. आजाऱ्यांनी वाकून चालणार नव्हतं. सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. शेवटी भिडेपोटी फूटपट्टी वाकला. वाकला तो वाकलाच. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बाकीच्यांचं कण्हणं आपोआप थांबलं.

"खुर्ची दादांची," साहेब म्हणाले. त्यांनी स्वतः हात देऊन त्याला उभं केलं. "आणि अशा पाठीला कामाला जुंपणं हा अन्याय आहे. उद्यापासून येऊ नका, आराम करा. खुर्ची घरी न्या, आमच्याकडून भेट."

"साहेब, एकच वर्ष..." पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

संध्याकाळी चौघांनी खुर्ची तीन जिने चढवून त्याच्या घरी पोचवली. कुणाचीही पाठ दुखली नाही. जाताना मात्र एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

आतल्या खोलीत मुलगी मोठ्याने पाठांतर करत होती. बायकोने गादीवरून हात फिरवला.

"केवढी मऊ आहे हो. आणि तुम्ही उगाच साहेबांना नावं ठेवायचा. बसा ना."

"आज तू बस," तो म्हणाला. "मला उद्यापासून तेच करायचंय."