वीस खुर्च्या आणि हिरवं बटण

निघोज्यात माझ्याशिवाय लग्न लागत नाही. नवरा-नवरी लागतातच, पण ते दुसऱ्या नंबरावर! आधी लागतो 'मंजुळा मंडप अँड डेकोरेटर्स'चा टेंपो. मंजुळा म्हणजे मी. शाळेत तिसरीपर्यंत गेले, पुढे बाईंना माझं तोंड सोसवेना. पण कुठल्या कढईला कुठलं झाकण आणि कुठल्या पातेल्याला कुठला झारा, हे मला झोपेतून उठवून विचारा. उत्तर देईन, वर उठवल्याबद्दल चार शब्दही देईन.

तर या माझ्या धंद्यात आमच्या सूनबाईंनी कंप्युटर घुसवला. स्वप्नाली हिंजवडीला कामाला आहे. पोरगी गुणाची, फक्त बोलते हळू, जसं काही शब्दाला जीएसटी लागतो. एका रविवारी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

"आई, गोदामातली एकेक वस्तू यात घालू. कुठली वस्तू कशाबरोबर जाते, तेही बांधून ठेवू. सांगा, खुर्ची कशाबरोबर जाते?"

"कव्हराबरोबर आन स्टेजबरोबर."

"स्टेज कशाबरोबर?"

"वरातीबरोबर! वरात आल्याबिगर स्टेजवर काय कावळे बसवायचेत?"

"वरात?"

"घोडी, बँड, धुराचं मशीन. लिही, लिही. आन स्टेजला अंतरपाट. अंतरपाटाला गुरुजी."

"आई, हे जरा जास्तच बांधलं जातंय..."

"तू टाईप कर!"

बांधलं सगळं. आणि झालं काय, की ते चालेना! मोबाईलवर यादी उघडायची म्हटलं की ते गोल चक्र फिरायचं, फिरायचं, घाण्याचा बैल बरा! मी पदर खोचला.

"स्वप्नाली, तुझा कंप्युटर म्हातारा झालाय का?"

"कंप्युटर नाही हो आई. मधे एक ओआरएम नावाचा प्रकार असतो. आपण वस्तू मागायची, तो कोठारातून काढून आणतो. सध्या तो, मागू तेव्हाच आणतो. आधी कढई आणतो. झाकण विचारलं की परत जातो. झारा विचारला की पुन्हा परत. लग्नाच्या यादीला त्याचे दोनशे हेलपाटे होतात."

"म्हंजे तुझे सासरेच की गं! कोथिंबीर आणायला धाडलं तर मिरच्यांसाठी दुसऱ्यांदा, आन लिंबासाठी तिसऱ्यांदा!"

आमचे हे, ज्योतीराम, कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर बोटभर खाली आला, माझं तोंड दिसलं, परत वर गेला.

"मग त्याला सांग," मी म्हटलं, "गेलास का समदं एकदाच घेऊन ये!"

"सांगता येतं. पण काय काय आणायचं ते नेमकं सांगावं लागतं. नुसतं 'सगळं' म्हटलं, तर बांधलेल्याला बांधलेलं, त्याला बांधलेलं, असं ओढत ओढत गोदाम रिकामं करेल."

"करू दे की! गोदाम काय उंदरांसाठी बांधलंय व्हय?"

जेवताना बोलले, धुणं वाळत घालताना बोलले, ती दात घासत होती तेव्हा बोलले. शेवटी कंटाळून तिने कोपऱ्यात एक हिरवं बटण दिलं. त्यावर लिहिलं, 'सोबतचं सगळं'.

"आई, हे फक्त बघायला हं. गाडी भरायची असेल तेव्हा दाबायचं नाही."

पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसऱ्याच्या वेळी दूध उतू जात होतं.

बटण दाबलं आणि काय सांगू! यादी अशी धाडकन उघडली, की मी मोबाईल लांब धरला! आनंदाच्या भरात गोदामातल्या पोरांना उभं करून नियमच सांगितला. "आजपासून यादीत आलं ते गाडीत गेलं पाहिजे. कमी न्हाई, जास्त न्हाई. डोकं चालवायचं न्हाई. डोकं चालवायला मी हाय!"

नवनाथ, आमचा ड्रायव्हर, बीडकडचा. गरीब गाय. म्हणाला, "बरं मावशी."

हे 'बरं मावशी' लक्षात ठेवा!

बुधवारी संध्याकाळी मागच्या आळीतली गुलशन आली. तिचा नवरा अकबर गॅरेजवाला. आमचे दोन्ही टेंपो त्याच्याच हातगुणावर अजून धावतात. त्यांची मुलगी अलमास चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. एक केस वाकडा दिसला तरी माल परत पाठवते. त्या पोरीची पहिली अंघोळ मी घातलेली. साबण डोळ्यात गेला तेव्हाही तिने माझ्याकडे असंच बघितलं होतं, आत्ता 'रिजेक्ट' म्हणेल!

"मंजुळाभाभी, उद्या अलमासला बघायला देहूरोडहून लोकं येतायत. वीस खुर्च्या पाहिजेत आणि एक टेबल."

"वीसच? अगं, पोरीला बघायला येतायत का रेशनला?"

"वीसच!" गुलशनने माझा हात धरला. "मागच्या वेळी तुमचं ऐकून दारात झुंबर लावलं, आठवतं? त्या लोकांनी झुंबराकडे बघितलं आणि चारचाकी मागितली! अलमासने सांगितलंय, आता एकानेही काही मागितलं, तर ती जन्मात लग्न करणार नाही. ती बोलते ते करते, भाभी. उद्या एकदम साधं. चहा, बिस्कीट, खुर्च्या."

मी छातीवर हात ठेवला. "गुलशन, माझी जबान! एकविसावी खुर्ची आली तर नाव बदलीन."

गुरुवार उजाडला. गुरुवार म्हणजे आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी, सगळी कार्टी घरात लोळतात. पण हिंजवडीच्या लोकांना गुरुवारचं काय! स्वप्नाली सकाळीच गेली. मी मोबाईल घेतला. खुर्ची वीस, टेबल एक. झालं. तेवढ्यात मनात आलं, खुर्च्यांची कव्हरं राहिली म्हणजे? पोरीला बघायला येणार आणि खुर्च्यांवर मागच्या बारशातले वरणाचे डाग? छे! गुलशनच्या इज्जतीचा प्रश्न होता. नुसत्या कव्हरांसाठी, देवाशप्पथ नुसत्या कव्हरांसाठी, मी हिरवं बटण दाबलं.

गोदामातल्या मशीनमधून कागद यायला लागला. मी जरीचं लुगडं नेसायला गेले. परत आले तरी कागद येतच होता! बिळातून अजगर यावा तसा. मी म्हटलं, मशीनला नवीन रोल घातलाय, हौस करून घेतंय. आणि निघाले गुलशनकडे.

गुलशनच्या अंगणात सडा मारलेला, दारात साधा पडदा, आतून वेलचीचा वास. मी तिला सांगत होते, "बघ, असं साधं मला पण आवडतं." तेवढ्यात आळीच्या तोंडाला टेंपो रिव्हर्स घेत असल्याची शिट्टी वाजली.

एक टेंपो आला. त्याच्यामागून दुसरा आला. आणि त्याच्यामागून तिसरा आला. आमच्याकडे दोनच आहेत हो!

नवनाथ उडी मारून उतरला. घामाघूम. हातात तो अजगर गुंडाळलेला.

"मावशी, स्टेजचं तोंड पूर्वेकडं लावू का पश्चिमेकडं?"

"कसलं स्टेज?"

"यादीत हाय."

"आन त्या तिसऱ्या गाडीत काय हाय?"

"पाचशे ताटं, आचाऱ्याच्या भट्ट्या आन गालिचा. दोन टेंपूत मावंना, म्हनून एक भाड्यानं घेतला."

"अरं येड्या, वीस माणसं येणार हायेत!"

"मला वाटलंच मावशी. पर डोकं चालवायचं न्हाई, असं तुमीच..."

माझी जीभ टाळूला चिकटली. आयुष्यात पहिल्यांदा! तोवर पोरांनी कमान उभीसुद्धा केली होती. तिच्यावर लाल-हिरवे दिवे उघडझाप करत होते. 'शुभविवाह'. 'शुभविवाह'. 'शुभविवाह'.

गुलशन बाहेर आली. हातातला ट्रे तसाच. तिचा चेहरा चुना लावलेल्या भिंतीसारखा झाला. "भाभी... ये क्या है?"

"कव्हरं," मी म्हटलं.

तेवढ्यात फटफट करत स्कूटर आली. आमचे गुरुजी! सोवळं, पंचांग, सगळा सरंजाम. उतरले, कमानीकडे बघितलं, घराकडे बघितलं, दारात उभ्या अकबरकडे बघितलं.

"अकबरभाई, तुमच्याकडे?"

"गुरुजी," अकबर म्हणाला, "माझ्याकडे काय आहे, ते मलाच आत्ता कळतंय!"

"मला तर मोबाईलवर निरोप आला. अंतरपाटासह हजर राहावे."

म्हणजे हा मेला ओआरएम नुसतं गोदाम रिकामं करून थांबला नव्हता, त्याने माणसांनाही परस्पर बोलावणी धाडली होती! मी स्वप्नालीला फोन लावला. उचलेना. परत लावला. कुजबुजत बोलली, "आई, मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"अगं, खुर्च्यांबरोबर गुरुजी आलेत!"

"आई, ते बटण दाबलंत?"

"जरासं."

"बटण जरासं दाबलं जात नाही हो, आई!"

पुढचं ऐकूच आलं नाही, कारण आळीत बँड शिरला. बँडच्या मागे घोडी. पांढरीशुभ्र, डोक्याला तुरा, पायात घुंगरू. आणि बरोबर त्याच घडीला, माझ्या नशिबाचं टायमिंग बघा, देहूरोडची गाडी वळली!

बँडवाल्यांना काय, गाडीतून इस्त्रीचा शर्ट उतरला की तो नवरदेव! त्यांनी जे वाजवायला सुरुवात केली, की आळीतली कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहिली. कुणीतरी धुराचं मशीन लावलं. त्या धुरातून मुलाची आई माहेनूरबी खोकत बाहेर आल्या आणि समोर 'शुभविवाह' बघून जागच्या जागी खिळल्या.

"अहो, आम्ही फक्त मुलगी बघायला आलोय! अजून हो म्हटलेलं नाही!"

"नवरदेव कोण, नवरदेव?" घोडीवाला ओरडला.

मुलाचं नाव शहेबाज. बिचाऱ्याने हात वर केला. त्याला म्हणायचं होतं, 'थांबा'. त्यांना वाटलं, 'मी'. चार जणांनी उचलला आणि ठेवला घोडीवर! वीज चमकावी तितक्या वेळात!

गुलशनने तोंडाला ओढणी लावली. "गेलं, भाभी. सगळं गेलं. झुंबर बघून चारचाकी मागितली होती. हे बघून बंगला मागतील! आणि माझी पोर आयुष्यभर अशीच राहील." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याकडे बघत पण नव्हती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आत पडदा हलला. अलमास बाहेर आली. डोक्यावर पदर नाही, हातात चहा नाही, कंपनीत माल तपासायला उभी राहते तशी दोन्ही हात कमरेवर. तिने कमान बघितली, गुरुजी बघितले, मला बघितलं. मग घोडीवरचा मुलगा बघितला.

घोडीला धूर सोसेना. ती गोल फिरायला लागली. अगदी आमच्या यादीच्या चक्रासारखी! शहेबाज तिच्या मानेला मिठी मारून, डोळे गच्च मिटून, बँडच्या वर आवाज काढून किंचाळला:

"मला काही नको! गाडी नको, घोडी नको, काही काही नको! फक्त मला खाली उतरवा!"

बँड थांबला. धूर विरला. उघडझाप करणारे दिवेसुद्धा मला वाटतं दचकले.

अलमास दोन पावलं पुढे गेली. "परत बोला."

"काही नको!"

"फ्लॅट?"

"नको!"

"चारचाकी?"

"अल्लाकसम नको! मला चार पायांचंच पुरे झालंय!"

अलमासच्या ओठांची एक बाजू वर गेली. त्या पोरीला हसताना मी अंघोळीच्या दिवसापासून चार-दोनदाच बघितलंय. आईकडे वळून म्हणाली, "अम्मी, चहा ठेव. यांना उतरवा. मला यांच्याशी बोलायचंय."

माहेनूरबींनी आधी मुलाकडे बघितलं, मग अलमासकडे, मग पदराने घाम पुसला. "माझा पोरगा साखर मागायलासुद्धा लाजतो हो," गुलशनला म्हणाल्या. "आज एवढं बोललाय म्हणजे खरंच बोललाय."

बसवायचं कुठे, हा प्रश्नच होता. त्या वीस खुर्च्या, ज्यांच्यासाठी हे सगळं झालं, त्या पहिल्या टेंपोच्या तळाशी होत्या. वर अख्खं स्टेज! मग पाहुणे बसले नवरा-नवरीच्या लाल सोफ्यावर, कमानीखाली. गुरुजींनी पण चहा घेतला, बिस्कीट बुडवून. जाता जाता स्कूटरचा ब्रेक अकबरकडून घट्ट करून घेतला.

आठवड्यात होकार आला. मग काय, माझी जीभ टाळूवरून सुटली! पाण्याच्या टँकरवर, किराणाच्या दुकानात, सगळीकडे माझं एकच. "बघा, माझ्या बटणाने जुळलं! स्वप्नालीचा ओआरएम नुसत्या वस्तू आणतो, मी जावई आणला!" मनातल्या मनात मी लग्नाची यादीसुद्धा रचली. तीन टेंपो, दोन कमानी, घोडी मात्र शांत स्वभावाची.

एके संध्याकाळी अलमास आली. सोबत शहेबाज. आमच्या टेंपोवर रंगवलेली घोडी बघून तो दोन पावलं मागे उभा राहिला.

"काकू, लग्नाची ऑर्डर द्यायचीय."

मी खुर्ची पुढे ओढली. "बोल बाळा! मांडव केवढा?"

"मांडव झाला की त्या दिवशी. स्टेज झालं, बँड झाला, वरात झाली. यांची घोडी पण झाली. आता नुसता निकाह राहिलाय. वीस खुर्च्या द्या."

"वीस?"

"आणि हिरव्या बटणाला हात लावायचा नाही. हे स्वप्नालीवहिनीला पण सांगितलंय."

स्वप्नाली आतल्या खोलीत जरा मोठ्याने खोकली. तिच्या मानाने ती आरोळीच!

तर लग्नाच्या दिवशी नवनाथ वीस खुर्च्या घेऊन गेला. पोहोचल्यावर कळलं, टेबल राहिलं. तो परत आला. टेबल पोहोचलं तर कळलं, त्यावरचं कापड राहिलं. तो परत आला. तिसऱ्यांदा कळलं, खुर्च्यांची कव्हरं राहिली. मग मीच उठले. कव्हरं खांद्यावर टाकली आणि पायी निघाले. वाटेत आमचे हे भेटले, हातात कोथिंबीर, लिंबांसाठी परत बाजारात चाललेले.

या खेपेला मी त्यांना टोचून बोलले नाही. म्हटलं, चला, सोबतच जाऊ.