आधी बोलेल तो हरेल

"बारा हजार," कुसाबाईंनी गाळ्याचं भाडं सांगितलं आणि नवनाथ गप्प बसला.

ठरवून बसला. मोबाइलवरच्या वाटाघाटींच्या क्लासमध्ये सरांनी बजावलं होतं, समोरच्यानं आकडा टाकला की शांत राहायचं. आधी बोलेल तो हरेल. सातपूरचा रस्ता रुंद झाला तशी नवनाथच्या हातगाडीची जागा गेली होती. हा गाळा निसटला, तर बायकोच्या, तृप्तीच्या, नागलीच्या भाकऱ्यांचा धंदाच चुलीत! आणि दहाच्या वर झेपणार नव्हतं.

"काय म्हणता, भाऊ?"

"…"

"जास्त वाटलं का?"

"…"

(नजर हटवू नका, असंही सर म्हणाले होते. नवनाथनं डोळे ताणले.)

"अगं बया! याची बुबुळं थिजली! भिमाजी, पळ लवकर!"

शेजारच्या सलूनमधून भिमाजी साबणाच्या ब्रशसकट धावला. "झटका हाय मावशे, कांदा फोड!"

कांदा नाकाला लागला. नवनाथच्या डोळ्यांतून धारा. ओठ मात्र…

नाही. एक शब्द आणि गाळा गेला.

"रडतोय, पण बोलत नाय. वाचाच गेली याची!" भिमाजीनं निकाल दिला, मगभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि त्याच्याच मोबाइलवरून तृप्तीला फोन लावला.

तृप्ती पिठाच्या हातांनीच आली. निथळत्या नवऱ्याकडे तिनं एकदा पाहिलं.

"काही झालेलं नाही याला. क्लास लावलाय. काल भाजी कोणती करू विचारलं, तर माझ्याकडे टक लावून बसला. शेवटी उपाशी झोपला." मग ती कुसाबाईंकडे वळली. "मावशी, किती म्हणालात?"

"बारा."

"दहा करा. दुपारचं तुमचं ताट रोज आमच्याकडे."

"ठेचा?"

"पाट्यावरचा."

"जमलं! पण कागद तुझ्या नावानं कर गं. याच्याशी बोलायचं म्हणजे कांदे परवडायचे नाय."

गाळा मिळाला! नवनाथला आता राहवेना.

"अन् माझं काय? मालक मी ना?"

तृप्तीनं कुसाबाईंकडे पाहिलं. मग दोघींनी नवनाथकडे. नजर न हटवता.

"…"

"बरं, गल्ल्यावर तरी बसतो."

"…"

"भाकऱ्या वाढतो."

"…"

"भांडी घासतो!"

"ठरलं," तृप्ती म्हणाली.