खिडकी ठरेना

वराळ्याच्या फ्लॅटमध्ये बसून सत्यम पुण्याच्या कंपनीचं काम करायचा, आणि टाकवे बुद्रुकच्या दत्तोबांना नेमकं तेच खटकत होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. पण दिवसभर घरात असणारा माणूस करतो काय, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते लेकीला, कोमलला, द्यायला तयार नव्हते. म्हणून रविवार टाळून, ऐन कामाच्या दिवशी ते तिला घेऊन येणार होते.

सत्यमला कोमल मनापासून आवडली होती. छाप पडावी म्हणून त्याने सकाळपासून नवा टर्मिनल शोधायला घेतला. टर्मिनल म्हणजे टाइप करून कॉम्प्युटरला हुकूम सोडायची खिडकी. कॉम्प्युटरबरोबर आलेली त्याला फारच साधी वाटायची.

पहिला टर्मिनल वेगवान निघाला, पण काळाकुट्ट. कप मांडता मांडता त्याच्या आईने, सविताबाईंनी, पडद्याकडे बघितलं.

"आज काळं नको रे. शुभकार्य आहे."

दुसरा पांढरा केला, तर अक्षरं दिसेनात. तिसरा पारदर्शक होता. त्यातून पडद्यावरचा फोटो दिसू लागला, आणि फोटोत धरणाच्या पायऱ्यांवर उघड्या अंगाने नाचणारा सत्यम होता. चौथ्याची अक्षरं लहानमोठी करेपर्यंत पाहुणे दारात आले.

दत्तोबा खुर्ची ओढून शेजारी बसले. "चालू द्या तुमचं. आमी बगतो."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आपल्यावाचून कंपनीचं अडतं हे पाहुण्यांना कळावं म्हणून सत्यमने तो स्पीकरवर घेतला.

"सत्यम, खंडाळ्याच्या हॉटेलचं बुकिंग सकाळपासून बंद आहे. सर्व्हर चालू करायचा होता ना? करतोयस काय?"

"टर्मिनल बघतोय, सर."

"ठरला का मग?"

"चार बघितले. प्रत्येकात काहीतरी कमी आहे. अजून दोन बघायचे राहिलेत. घाईत कशाला ठरवायचं?"

साहेबांनी फोन ठेवला. दत्तोबांनी सविताबाईंकडे मान वळवली.

"ताई, पोरी किती बगितल्या म्हनायच्या आतापतूर?"

सविताबाई पोह्यांवर कोथिंबीर घालत राहिल्या.

"सरका जरा," कोमल सत्यमला म्हणाली. ती तळेगावात असलंच काम करायची. तिने कॉम्प्युटरबरोबर आलेली साधी खिडकी उघडली, सत्यमला पासवर्ड टाकायला लावला आणि दोन ओळी टाइप केल्या. बुकिंग सुरू झालं.

"मी हाच वापरते. काम होतं."

सत्यम ओशाळला, पण सुखावलाही. दत्तोबांनी पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले, तेव्हा तर त्याचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"कोमलला तुमी आवडलाय. न्हाई कशाला म्हनू?"

सत्यमने आईला खुणेनेच साखर आणायला सांगितलं.

"पन ती म्हनती, अजून दोघं बगायचे राह्यलेत. घाईत कशाला ठरवायचं?"

साखरेचा डबा घेऊन सविताबाई तशाच उभ्या राहिल्या.

"आबा," सत्यम दत्तोबांना म्हणाला, "त्या दोघांत माझ्यापेक्षा काय जास्त आहे, तेवढं विचारता का?"