नाही म्हणण्याची नोकरी

"साहेब, काळजी सोडा. उद्या सकाळी आठला दहावा माणूस गेटवर उभा असेल!" फाइलताई छातीठोकपणे म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण हे खरोखरच बोललो आहोत.

कुलपांच्या कारखान्यात ती नोकरभरतीचे कागद सांभाळायची, म्हणून फाइलताई. लागून पाचच महिने झाले होते, अजून कायम व्हायची होती. तिचे मॅनेजर म्हणजे घाईसाहेब. हे गृहस्थ जिना चढतानाच उतरायच्या तयारीत असत!

तर झालं होतं असं. कारखाना वाढवायचा म्हणून सरकारनं कंपनीला पाच वर्षं निम्मा कर माफ करायचं कबूल केलं होतं. पण सरकार म्हणजे काही लाडका मामा नव्हे! अट होती : चाळीस नवी माणसं घ्या. त्यांतली दहा पन्नाशीपुढची आणि दोन वर्षांत कुठंही नोकरी न केलेली हवीत. आणि तपासणीच्या दिवशी ती दहाही खरोखर काम करताना दिसली पाहिजेत. एक जरी कमी भरला तर माफी गेली, आणि माफीच्या भरवशावर घेतलेली चाळीसही माणसं घरी. त्या चाळिसांत फाइलताई होती. वडील गेल्यावर आता घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

तपासणी उद्यावर आली, आणि आज दुपारी चार वाजता दहाव्या गृहस्थांनी निरोप धाडला की त्यांना दुसरीकडे नोकरी लागली! दोन वर्षं ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याची किंमत जगाला नेमकी आजच कळावी!

फाइलताईच्या मनात होता तो दहावा माणूस घरी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला होता. तिची आई.

ही आई एके काळी बाजाराची दहशत होती. ती लांबून दिसली की भाजीवाले चांगला माल आपणहून वर काढून ठेवत. एकेक टोमॅटो ती असा निरखून बघायची, की मुलीसाठी स्थळच बघतेय! पण वडील गेल्यापासून आठ महिन्यांत ती एकदाही कुणाशी भांडली नव्हती. देतील ते पिशवीत घेऊन यायची. परवा चार टोमॅटो सडके निघाले, तरी काही बोलली नाही. फाइलताईनंच ते गुपचूप टाकून दिले.

"मला कुलपांतलं काय कळतं?" आई म्हणाली.

"काही कळायला नको. कुलूप घ्यायचं, किल्ली फिरवायची, उजवीकडच्या खोक्यात टाकायचं."

"आणि बिघडलेलं असलं तर?"

"डावीकडच्या. पण नसतं गं बिघडलेलं."

"नसतं कसं?" आई खुर्चीत जराशी सरळ झाली.

फाइलताईनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण ती दुसऱ्याच सूचनेत गुंतली होती : "आणि तिथं मला ओळख दाखवायची नाही हं! नात्यातलं माणूस चालत नाही, असं घाईसाहेब म्हणतात."

दुसऱ्या दिवशी आठला आई टेबलाशी बसली. दहाच्या सुमारास फाइलताई हजेरीचे कागद लावत होती, तोच पलीकडच्या खोलीतून एक आवाज आला. खणखणीत, बाजार गाजवणारा! तिच्या हातातले कागद खाली पडले. आठ महिन्यांनी ऐकत होती तो आवाज. दोन क्षण ती तशीच उभी राहिली, मग धावली.

उजवीकडच्या खोक्यात सात कुलपं होती. डावीकडे डोंगर! पॅकिंगची सहा माणसं हातावर हात ठेवून बसली होती, कारण पॅक करायला काही येतच नव्हतं. आणि तपासनीस अर्ध्या तासात पोचणार होते!

"काकू, हे काय चालवलंय?" घाईसाहेब कळवळले.

"किल्ली अडते."

"जरा जोर लावायचा!"

"मी लावीन हो. पण विकत घेणाऱ्याच्या दारात जोर लावायला कोण जाणार? तुम्ही?"

"आजचा दिवस सगळी उजवीकडे टाका ना!"

"मग मला कशाला बसवलंत? एक तिरकी फळी लावा, आपोआप घरंगळतील!"

घाईसाहेबांनी टेबलावरची एक किल्ली झडप घालून उचलली, हाताला लागेल त्या कुलपात खुपसली आणि जोर लावून फिरवली. खट्ट! "बघा! उघडलं की नाही?"

"उघडलं," आई म्हणाली. "पण ती किल्ली या दुसऱ्या कुलपाची आहे."

आईनं तीच किल्ली तिसऱ्या कुलपाला लावली. खट्ट. चौथ्याला. खट्ट!

"ही कुठं जाणार आहेत?"

"मुलींच्या वसतिगृहात," फाइलताई हळूच म्हणाली. "कपाटांना. पाचशे."

"पाचशे कपाटं आणि किल्ली एक? त्यापेक्षा सुतळी द्या! निदान गाठ तरी प्रत्येकीची वेगळी असेल!"

"बरोबर आहे," मागून कुणीतरी म्हणालं. तपासनीस! वेळेआधीच येऊन दारात उभे. घाईसाहेब जन्मात पहिल्यांदा जागच्या जागी थांबले.

"गेल्या महिन्यात एका कारखान्यात गेलो, तर दहाही जण चहा पीत बसलेले," तपासनीस म्हणाले. "बाई, इथं तुमचं काम काय?"

"नाही म्हणणं," आई म्हणाली. मग तिची नजर फाइलताईवर गेली. "काय गं, डबा खाल्लास का? तोंड बघ कसं उतरलंय!"

"या कोण तुमच्या?" तपासनीसांनी विचारलं.

"कुणी नाही, कुणी नाही!" घाईसाहेब ओरडले. "आमच्याकडे सगळेच सगळ्यांना डब्याचं विचारतात!"

"मुलगी आहे माझी," आई म्हणाली. "कुलपासाठी खोटं बोलले नाही, हिच्यासाठी कशाला बोलू?"

तपासनीसांनी नियमांचं पुस्तक काढलं. फाइलताईला आपल्यासकट चाळीस माणसं गेटबाहेर पडताना दिसू लागली.

"मालकाचे नातेवाईक चालत नाहीत," त्यांनी वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही मालक आहात?"

"साहेब, मी अजून कायमसुद्धा नाही!"

"मग प्रश्नच मिटला," म्हणत त्यांनी पुस्तक मिटलं.

पाचशेच्या पाचशे कुलपं पुन्हा तपासायला लागली. दहांतली बाकीची नऊ मंडळी, पॅकिंगची सहा आणि खुद्द घाईसाहेब आईच्या हाताखाली बसले. "साहेब, घाई नको," असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सुनावलं आणि त्यांनी ते ऐकलं! तपासनीसांनी अहवालात लिहिलं : 'दहाही जण काम करताना आढळले. त्यांतील एक जरा जास्तच.'

माफी मंजूर झाली. चाळीस माणसं टिकली. सोबतच्या पत्रात मात्र आणखी एक अट निघाली : या दहांपैकी कुणालाही पाच वर्षं काढता येणार नाही. घाईसाहेबांनी ती दोनदा वाचली आणि पाणी मागवलं. पण माणूस हुशार. महिन्याभरात कच्च्या पोलादापासून कँटीनच्या कपांपर्यंत सगळं ते आधी आईपुढे ठेवू लागले. तिनं नाही म्हटलं नाही, की माल पास!

मग फाइलताईचे सहा महिने भरले. तिला कायम करायचा कागद घेऊन घाईसाहेब सवयीनं थेट आईच्या टेबलाशी गेले.

"काकू, हिला कायम करून टाकू ना?"

आईनं चष्मा लावला. लेकीला वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं.

"अजून महिनाभर बघा."