मिठाला आवाज नसतो

आमटी शिजली की नाही हे बघायला आमचे अण्णा पातेल्यावरचं झाकण काढत नाहीत. ते पातेल्याच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवतात, त्याची मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि दुसऱ्या हातानं सगळ्या घराला गप्प राहायची खूण करतात. मग डोळे उघडून गंभीरपणे सांगतात, "अजून लोड घेतला न्हाय." याचा अर्थ आमटी कच्ची आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. येरमाळ्यात हायवेच्या कडेला त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, आणि गॅरेजला चिकटूनच आमचं घर. इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर लावून आतली खडखड ऐकायची ही जुन्या मिस्त्री लोकांची रीत. अण्णांनी ती उचलून स्वयंपाकघरात आणली. स्वयंपाकघरातला स्क्रू-ड्रायव्हर वेगळा आहे, पिवळ्या मुठीचा. तो पळीशेजारी खिळ्याला टांगलेला असतो आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला अण्णांना चालत नाही. एकदा त्यांनीच घाईत गॅरेजमधला काळ्या मुठीचा आत आणला. त्या दिवशी जेवायला सोयरे होते. पातेल्याला डिझेलचा वास मारतोय असं एका सोयऱ्यानं भीत भीत सांगितलं. अण्णा म्हणाले, "खावा बिनघोर. ॲव्हरेज चांगला पडंल."

ऊसतोडीच्या दिवसांत ढोकीच्या कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर आमच्या भागातले रस्ते व्यापून टाकतात. अण्णा घरात चहा पीत बसलेले असतात, रस्त्यावरून एखादा ट्रॅक्टर जातो आणि ते बशीतून तोंड वर न काढता म्हणतात, "ह्याचं नोझल गेलंय. जाऊ द्या, येतंय माघारी." आणि तो ट्रॅक्टर खरंच माघारी येतो. गावातली माणसंही त्यांना चेहऱ्यावरून कमी आणि गाडीच्या दुखण्यावरून जास्त आठवतात. माझ्या लग्नात त्यांनी एका पाहुण्याची ओळख "हे आपले पिष्टनवाले" अशी करून दिली होती.

मी जर्मनीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. अण्णांना याचा अभिमान आहे, पण जर्मन गाड्यांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नाही. त्या आवाजच करत नाहीत, मग आत काय बिघडलंय हे माणसाला कळायचं कसं, असं ते विचारतात. न बोलणारं माणूस आणि न वाजणारं इंजिन, दोन्हींवर त्यांचा विश्वास नाही.

अण्णांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं ते आई गेल्यावर. तेव्हा मी आठवीत होते. त्याआधी त्यांना चहाची पूड कुठल्या डब्यात असते हेही ठाऊक नव्हतं. आमचं स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत आहे. अलीकडे आईची चूल, पलीकडे अण्णांचं वर्कबेंच. जेवायला तोंडानं हाक मारायची सोय नव्हती, कारण पलीकडे इंजिन चालू असायचं. म्हणून दोघांनी आपली एक पद्धत बसवली होती. आमटीची फोडणी कानावर आली की अण्णा पान्यानं भिंतीवर टकटक करायचे, म्हणजे भूक लागली. मग ताट वाढून झालं की आई लाटण्यानं अलीकडून एक ठोका द्यायची, म्हणजे हात धुऊन या. भांडण झालेलं असलं तरी ठोका चुकायचा नाही. फक्त जरा जोरात पडायचा.

आई गेल्यावर अणदूरची आत्या महिनाभर येऊन राहिली. आत्याच्या हाताला चव होती, सगळं गाव म्हणायचं. अण्णा निमूट जेवायचे आणि हात धुताना पुटपुटायचे, "चांगलं हाय, पण वाजायलंय येगळंच." आत्याला वाटलं, भावाच्या डोक्यावर परिणाम झाला. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णा चुलीपुढं उभे राहिले. मला म्हणाले, तू फक्त डबे ओळखून दे, बोलू नको.

तेल तापलं, मोहरी पडली. अण्णांनी डोळे मिटले, मान हलवली आणि कढई उतरवून ठेवली. "न्हाय. तिची अशी वाजत न्हवती." पुन्हा तेल, पुन्हा मोहरी. मी उपाशी, घरभर ठसका, आणि आमचे अण्णा पंधरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला स्वयंपाक आठवून आठवून जुळवतायत. मोहरी कधी तडतडायची, लसूण कधी चुरचुरायचा, पाणी ओतल्यावर किती जोरात चर्र व्हायचं, हे सगळं त्यांच्या कानात होतं. त्यांनी आईला स्वयंपाक करताना फारसं पाहिलेलं नव्हतं, पण ऐकलं रोज होतं. थोड्याच दिवसांत आमच्या घरात पुन्हा आईची आमटी शिजायला लागली. भाकरी तर त्यांना लगेच जमली, कारण भाकरी थापणं म्हणजे सगळा ठेकाच.

एकच गोष्ट त्यांना आजतागायत जमलेली नाही, ती म्हणजे मीठ. मीठ पडताना वाजत नाही. त्यामुळे अण्णांच्या आमटीत मीठ एक तर नसतंच किंवा दोनदा पडलेलं असतं, बहुधा नसतंच. मी तक्रार केली की शांतपणे बरणी पुढं सरकवायचे. "त्याला आवाज न्हाय, त्याला म्या काय करू?"

अशा आमटीवर वाढलेली मी जर्मनीला आले आणि पहिल्या महिन्यातच हवालदिल झाले. आमच्याकडची आमटी म्हणजे येसराची आमटी. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून मसाल्याबरोबर दळलेलं ते पीठ अण्णांनी दोन पिशव्या भरून दिलं होतं. कंपनीतले लोक दुपारी थंड पाव आणि चीज खायचे, मीही खायचे, आणि खाता खाता डोळ्यांसमोर लाल तवंगाची वाटी आणि कुस्करलेली भाकरी यायची. पण घरी येसर शिजवलं की नुसती खळ व्हायची. शेवटी एका रविवारी मी फोन केला आणि रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. अण्णांनी एवढंच विचारलं, "फोन कुठाय? कढईजवळ धर. आवाज ऐकू दे."

तेव्हापासून दर रविवारी हा कार्यक्रम ठरला. आमच्याकडे सकाळ, त्यांच्याकडे जेवणाची वेळ. सारी जर्मनी रविवारी निवांत झोपलेली आणि आमच्याकडे फोडणी. अण्णा फोनवरून दुरुस्ती सांगायचे: "लई घाई करायलीस. तेल गरम होऊ दे. हां, आता टाक. बारीक कर, बारीक कर, रेस लई झाली." माझा नवरा महेश पुण्यात वाढलेला, त्याला हे सगळं सर्कशीसारखं वाटायचं. पण आमटी जमायला लागल्यावर तोही लसूण सोलून हजर राहायला लागला.

आमच्या जर्मनीतल्या घरात छताला धुराचा भोंगा आहे. जरा धूर झाला की तो कर्कश ओरडतो. एकदा मिरची पडली आणि तो ओरडला. मी खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घालतेय, महेश खिडक्या उघडतोय, शेजारची बाई दार वाजवतेय, आणि फोनमधून अण्णांचा प्रसन्न आवाज येतोय, "आता झाली बघ बरोबर." त्यांची समजूत अशी झाली की जर्मन लोकांनी फोडणी झाल्याचं सांगायला भोंगा बसवलाय. मी खूप समजावलं. पण पुढच्या रविवारी भोंगा वाजला नाही तर म्हणाले, कच्ची राहिली असणार. येरमाळ्यात स्टँडवर ते आजही सांगतात की ती लोकं लई पुढं गेली, तिथं फोडणीला भोंगा हाय.

एवढं सगळं जमूनही आमटीत काहीतरी कमी होतंच. मसाला बदलून पाहिला, पाणी बदलून पाहिलं. एका रविवारी मी मीठच घालायला विसरले. पहिला घास घेतला आणि मनानं थेट येरमाळ्याच्या आमच्या ओट्यापाशी जाऊन बसले. हीच ती चव. महेशनं एक घास घेऊन बरणीकडे हात नेला, तर मी त्याचा हात धरला.

गेल्या वर्षी मात्र एक गोष्ट मला खटकायला लागली. अण्णांनी फोनवर काही सांगणंच सोडलं. मी म्हणायचे, अण्णा, मोहरी टाकतेय, आणि पलीकडून उत्तर नाही. अण्णा, बरोबर वाजतंय का? तरी उत्तर नाही. बऱ्याच वेळानं, विहिरीतून आल्यासारखा आवाज यायचा, "जमलं जमलं." मध्येच कुठंतरी टकटक ऐकू यायची. काय आहे विचारलं तर म्हणायचे, काम चालू हाय. आधी मी रेंजला दोष दिला. मग वेगळीच शंका आली. आयुष्यभर इंजिनांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस, वय सत्तरीला आलेलं. अण्णांचे कान गेले असले तर? डोळे गेले असते तरी त्यांनी निभावून नेलं असतं. कान गेले तर गॅरेज गेलं, आमटी गेली, आणि अण्णांचं अण्णापणच गेलं. मी रजा काढली, सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि अण्णांना काही न कळवता निघाले. महेशला तेवढं सांगितलं की अण्णांचा रविवार चुकवू नकोस.

भाड्याची गाडी घरापासून बरीच लांब असतानाच अण्णा रस्त्यावर येऊन उभे होते. मला पाहून चकित झाले, पण माझ्याकडे यायच्या आधी ड्रायव्हरकडे गेले. "मालक, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बघून घ्या. म्या लांबूनच ऐकायलोय." मी कपाळाला हात लावला. कानांना काही झालेलं नव्हतं. डॉक्टरची वेळ रद्द केली आणि अण्णांना वेळेचं काही सांगितलंच नाही. पण मग फोनवर गप्प का राहतात, हे काही कळेना.

रविवार आला. अण्णा सकाळपासून मला बाहेर काढायच्या मागे लागले होते. येडेश्वरीला जाऊन ये, एवढ्या लांबून आलीस, देवी काय म्हणंल. मी गेले, दर्शन घेतलं. येताना ओळखीच्या एकानं मोटारसायकलवर बस म्हटलं, पण आभाळ आल्यानं ऊन नव्हतं, मी चालतच आले. गाडीनं आले असते तर अण्णांना वळणावरच कळलं असतं.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर गॅरेजच्या भिंतीला टेकवून स्टीलचं मोठं रिकामं पातेलं आडवं ठेवलं होतं, तोंड भिंतीकडे. त्यात अण्णांचा फोन. पातेलं घुमत होतं आणि आतून महेशचा आवाज येत होता, "अण्णा, लसूण टाकतोय हं." मग चुरचुर. ती त्या पातेल्यात अशी भरून आली की क्षणभर मला वाटलं, आमच्याच चुलीवर कढई आहे.

मी मागच्या दारातून डोकावले. अण्णा गॅरेजमध्ये ट्रॅक्टरच्या जुन्या टायरवर बसले होते. पाठ भिंतीला, डोकं भिंतीला, डोळे मिटलेले. गॅरेज बंद, एकही इंजिन चालू नव्हतं. भिंतीपलीकडे फोडणी वाजली आणि त्यांनी न बघता पाना उचलून भिंतीवर टकटक केलं. आत पातेल्यातून महेश विचारत होता, अण्णा, कुणी आलंय का.

अण्णा आमटी शिकवत नव्हते. शिकवून कधीच संपलं होतं. दर रविवारी जेवायच्या वेळेला ते आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसत होते, एवढंच. मला तिथंच रडू आलं, आणि हसूही आलं, कारण महेश बिचारा अजून विचारत होता की लसूण करपला तर नाही ना.

मी आत गेले, महेशला हळूच सांगितलं की आता मी बघते, आणि फोन बंद केला. गॅस पेटवला. अण्णांनी येसर कालवून ठेवलेलंच होतं. तेल तापू दिलं, घाई केली नाही. मोहरी, जिरं, लसूण, आणि वरून पाणी. चर्र झालं. मग भिंतीपलीकडून, नेहमीपेक्षा हळू, पान्याचे ठोके पडले.

आमटीला उकळी आली. मी ताटं वाढली, भाकरी काढली. आईचं लाटणं फळीवर तसंच होतं, बऱ्याच वर्षांत कुणी न वापरलेलं. ते घेतलं आणि भिंतीवर एक ठोका दिला.

पलीकडून बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला. अण्णा हात धूत होते.

ते पंच्याला हात पुसत आत आले, माझ्याकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं आणि पाटावर बसले. भाकरी कुस्करली, आमटी ओतली आणि दोन वाट्या संपवल्या. आमटीत मीठ घालायचं मी विसरले होते. दोघांपैकी कुणीच बरणी मागितली नाही.