डचेसच्या घशातला तोबरा

‘‘हे बघ ऑरिन, डचेस हावरट आहे,’’ गाडीत बसतानाही ऑरिनच्या बायकोचं, मार्लिसचं, चालूच होतं. ‘‘खुराक एकदम ओतायचा नाही. पाणी शिंपडायचं, पातळ पसरायचा, मध्ये मोठे गोटे ठेवायचे. म्हणजे वेचून वेचून खाते. नाहीतर घशात तोबरा अडकतो तिच्या.’’

‘‘लामा आहे की महाराणी?’’ गोठ्यातल्या त्या लोकरवाल्या, उंटासारख्या लांब मानेच्या जनावराकडे बघत ऑरिन म्हणाला.

‘‘फ्रिजवर चिठ्ठी लावलीय,’’ असं म्हणून मार्लिस बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस पोर्टलंडला गेली.

ऑरिनने तीस वर्षं लाकडाचे ट्रक चालवले होते. चिठ्ठी वाचून जनावराला जेवू घालणं त्याला कमीपणाचं वाटलं. शिवाय रेडिओवर बेसबॉलचा सामना रंगात आला होता. त्याने खुराकाच्या कोरड्या गोळ्यांची अख्खी बादली गव्हाणीत उपडी केली आणि तो वळला.

दहा पावलं गेला नसेल, तोच मागून विचित्र आवाज आला. डचेसने मान बांबूसारखी ताणली होती. तोंडातून फेस गळत होता आणि नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येत होत्या. ऑरिन धावत परत आला. डचेसला काही झालं तर मार्लिसला तोंड कसं दाखवायचं? त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

‘‘मी एका गाईचं बाळंतपण करतेय, तासभर तरी लागेल,’’ डॉक्टर ट्वायला म्हणाल्या. ‘‘खुराक-पाणी उचला. मान हलक्या हाताने चोळा. बहुतेकदा आपोआप मोकळं होतं. ती घाबरता कामा नये, तेव्हा तिच्याशी बोलत राहा.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘काहीही! बायकोशी बोलता तसं.’’

‘‘मग तर पंचाईतच आहे.’’

मान चोळत ऑरिनने हवापाण्यापासून सुरुवात केली. ते दोन मिनिटांत संपलं. मग टायरचे भाव झाले. मग धाकट्या भावाशी सहा वर्षं अबोला का आहे ते निघालं. शेवटी सांगण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘‘ट्रक विकला ना, त्या दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन रडलो होतो. कुणाला सांगू नकोस.’’

डचेसला खोकल्याची एक जबरदस्त उबळ आली आणि हिरवा, ओला गोळा थेट त्याच्या दाढीत येऊन बसला. ऑरिनला इतका आनंद झाला की त्याने दाढी पुसायच्या आधी तिच्या मानेला मिठी मारली. तेवढ्यात मार्लिसचा फोन.

‘‘सगळं ठीक ना?’’

‘‘एकदम ठीक,’’ दाढीतून गोळा काढत ऑरिन म्हणाला.

डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या आणि जाताना चिठ्ठीतल्याच सूचना पुन्हा सांगून गेल्या. आता ऑरिन इरेला पेटला. नदीवरून गोटे आणले. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून मार्लिसचे मफिन भाजायचे चारही ट्रे गोठ्यात नेले आणि एकेका खळग्यात चमचाभर भिजवलेला खुराक वाढला. डचेस एक खळगा संपवायची, मान वर करायची आणि त्याच्याकडे रोखून बघत राहायची. तो बोलायला लागला की पुढचा खळगा. गप्प बसला की उपास.

चौथ्या दिवशी मार्लिस परतली. आधी तिला ट्रे दिसले.

‘‘माझे मफिनचे ट्रे? ऑरिन!’’

‘‘नवीन आणून देतो.’’

तिने स्वतः चारही ट्रेंमध्ये खुराक वाढला. डचेस हलेना.

‘‘काय झालंय हिला?’’

ऑरिन कानशिलापर्यंत लाल झाला. ‘‘तिच्याशी जरा... बोलावं लागतं.’’

‘‘मग बोल की!’’

‘‘तू आधी घरात जा.’’

मार्लिसने त्याच्याकडे नीट बघितलं आणि ती बाहेर पडली. पावलांचा आवाज थांबल्यावर ऑरिनने घसा साफ केला.

‘‘आली बाई एकदाची,’’ तो डचेसच्या कानाशी म्हणाला. ‘‘चार दिवस घर नुसतं खायला उठलं होतं. तिच्या हातची ती पांचट कॉफीसुद्धा आठवत होती. पण हे तिला सांगायची सोय नाही. लगेच डोक्यावर बसेल.’’

डचेस शांतपणे चावत होती. ऑरिनला पुढचं सुचेना. तो थांबला, तशी तीही थांबली.

गोठ्याच्या फळीपलीकडून बादली उपडी टाकल्याचा आवाज आला आणि मग तिच्यावर कुणीतरी ऐसपैस बसल्याचा.

‘‘थांबलास का?’’ मार्लिसचा आवाज आला. ‘‘अजून तीन ट्रे शिल्लक आहेत.’’